तिसऱ्या पिढीचा नंबर

तिरुपूरला मार्चचं ऊन पडलं की आमच्या शिलाई युनिटच्या खिडकीतून जो उजेडाचा पट्टा आत येतो, त्यात सुताचे तंतू तरंगताना दिसतात. तसे ते वर्षभर असतातच. नाकात जातात, केसांत बसतात, डब्यातल्या भातावरही उतरतात. पण दिसतात ते मार्चमध्ये. त्याच दिवसांत शेजारच्या टेबलावरच्या बायका आपापल्या मुलांच्या पेपरांबद्दल बोलायला लागतात. मला तमिळ कामापुरतं बोलता येतं, वाचता अजून येत नाही. बसच्या पाटीवरचं गाव मी अक्षरांच्या आकारावरून ओळखते. पण हॉल तिकीट हा शब्द सगळीकडे हॉल तिकीटच असतो. तो कानावर पडला की हातातलं काम थांबतं. दहावीला बसून मला वीसएक वर्षं होऊन गेली, तरी थांबतं.

माझं काम चेकरचं. शिवून आलेला टी-शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून बघायची, सुटे धागे कापायचे आणि चूक सापडली की तिथे एक छोटा लाल बाण चिकटवायचा. मी प्रत्येक कपडा दोनदा बघते. सुपरवायझर म्हणतात, वैशाली स्लो आहे, पण तिच्या हातून गेलेला माल परत येत नाही. खरं तर तो माझा गुण वगैरे काही नाही, भीती आहे. खोलीचं कुलूप लावल्यावर मी तीनदा ओढून बघते आणि जिना उतरून पुन्हा वर जाते. तीच भीती इथे पगाराच्या कामाला आली.

मार्चमध्ये आणखी एक सीझन असतो. तो माझ्या फोनवर येतो.

माझा धाकटा भाऊ निलेश डोंबिवलीला बाबांसोबत राहतो. आई आता बहुतेक वेळ गावी असते. निलेश कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे आणि उरलेला वेळ तो एका खेळाला देतो. व्हिडिओ गेमच, पण कित्येक वर्षं चालू असलेला. त्यात उंच गवतातून हिंडायचं, छोटे छोटे जीव पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या जीवांशी लढवायचं. दर तीनचार वर्षांनी नवा प्रदेश आणि नवे जीव घेऊन नवा भाग निघतो, त्याला हे लोक पिढी म्हणतात. पहिली पिढी, दुसरी पिढी, अशा आता नऊदहा झाल्या. फेब्रुवारी संपता संपता पुढच्या भागाची काहीतरी बातमी येते आणि निलेशच्या ग्रुपमध्ये दर वर्षीचं भांडण उभं राहतं. कुठली पिढी एक नंबर आणि कुठली तळाला.

ग्रुपमध्ये ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचे तीसेक जण आहेत. मला निलेशनं घातलं, कारण त्याच्या ओळखीत मूळ मशीनवर तिसरी पिढी खेळलेली मी एकटीच. मी तिथे काही लिहीत नाही. डबा खाताना वाचते.

यंदाही सुरुवात टिटवाळ्याच्या एकानं केली. "पहिली ती पहिली. बाकी सगळी कॉपी."

कळव्याची एक मुलगी लगेच आली. "पहिल्या पिढीत बॅग भरली की सामान टाकून द्यायला लागायचं. आठवतंय ना काका?"

"काका कोणाला म्हणते?"

"पहिली पिढी खेळलेल्या सगळ्यांना."

"चौथीला वर घ्या रे कोणीतरी."

"चौथी? ती इतकी स्लो होती की पाण्यातून पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत माझी बारावी झाली."

"पास झालास का पण?"

"तोच तर लफडा आहे ना भाई."

पाचवीवाले म्हणतात गोष्ट बघा, सातवीवाले म्हणतात समुद्र बघा, आणि अगदी अलीकडच्या पिढीची बाजू घेणाऱ्या कॉलेजच्या पोरांना सगळे मिळून धुतात. प्रत्येकाची यादी वेगळी. थोडं खोदलं की कळतं, ज्याच्या यादीत जी पिढी वर, ती तो अकराबारा वर्षांचा असताना आलेली असते. हे त्यांनाही माहीत आहे. एकदा एकानं तसं लिहिलं, तर बाकीचे म्हणाले, बरोबर आहे, पण तरी दुसरी पिढीच बेस्ट.

निलेशच्या यादीत मात्र एक जागा रिकामी असते. तिसऱ्या पिढीसमोर तो नुसती रेघ मारतो. कोणी नवीन माणूस विचारतोच. मग निलेश दर वर्षी तेच लिहितो, "थर्ड जेनला नंबर द्यायचा मला हक्क नाही. आठ वर्षांचा असताना मी शेजारच्या ताईचा अख्खा सेव्ह उडवलाय. वर्षभराचा खेळ. बाबांनी गॅलरीत फोडलेला मला." त्यावर हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लागते. "खुनी." "निल्याला ग्रुपमधून काढा." "माझ्या घरी येशील तेव्हा हात खिशात." तोही हसतो.

मी दर वर्षी ते वाचते, डब्याचं झाकण लावते आणि हात धुवायला जाते. तो सेव्ह निलेशनं उडवला नव्हता. मी उडवला होता.

*

ती डबी मुग्धाची होती. डबी हा आमचाच शब्द. निळसर रंगाचं, पावडरच्या डबीसारखं उघडमीट होणारं हातातलं मशीन. मुग्धा आमच्याच मजल्यावर राहायची, माझ्याच वर्गात. तिचे बाबा जहाजावर होते. त्यांनी जपानच्या कुठल्यातरी बंदरातून ती डबी आणि त्यात हा एक खेळ आणला, तिसऱ्या पिढीचा. खेळ पूर्ण जपानीत. एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. आम्ही दोघी नववीचं आख्खं वर्ष तो अंदाजानं खेळलो. कुठल्या चौकटीत काळा बाण वरच्या ओळीवर ठेवला की काय होतं, खालच्या ओळीवर नेला की काय, हे करून बघून पाठ केलं. औषध कुठलं आणि विष कुठलं, ते बाटलीच्या रंगावरून. जिवांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून आम्हीच ठेवली. ओल्या फडक्यासारखे कान असलेला तो फडकं. सारखा गिरक्या घेणारा तो पंखा. आणि एक जाडजूड, सावकाश, पोट पुढे काढून चालणारा होता, तो हुबेहूब आमच्या भूगोलाच्या बाई हजेरीपट घेऊन वर्गात येतात तसा यायचा. त्याचं नाव भूगोल. भूगोल मुग्धाचा सगळ्यात मोठा जीव होता, लेव्हल चौऱ्याहत्तर. तो मैदानात उतरला की मुग्धा हळूच म्हणायची, "उभे राहा, बाई आल्या."

खेळायची मुग्धाच. मी शेजारी बसून सांगायचे, इकडे जा, तिकडे जा. कधी दहा मिनिटं तिनं दिली तर मी घ्यायचे. ती चांगली मुलगी होती, बरेचदा द्यायची. पण ते देणंच होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक पद्धत होती. कुणाकडे दहावी-बारावी असली की घरातल्या मोहाच्या वस्तू परीक्षेपुरत्या दुसऱ्या बिऱ्हाडी पाठवायच्या. तळमजल्यावरचा कॅरम दोन महिने तिसऱ्या मजल्यावर असायचा. कुणाचा टेपरेकॉर्डर, कुणाच्या क्रिकेटच्या बॅटी. ज्यांच्या घरात परीक्षा नाही अशांकडेच ठेवायच्या, हे त्यात धरलेलंच होतं. मुग्धाच्या आईनं, म्हणजे काकूंनी, ती डबी माझ्याकडे ठेवायला दिली. माझीही दहावीच होती. आई म्हणालीसुद्धा, "अहो, हिचीही परीक्षा आहे."

"असू दे," काकू म्हणाल्या, "वैशूची गोष्ट वेगळी. ती दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची नाही."

मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो. हातात शिलाई मशीनच्या तेलाची बुधली, मानेभोवती टेप. त्या तळमजल्यावर शिवणक्लास चालवायच्या.

तो मार्च. दुपारी लाइट जायची, दोन-अडीच तास. सगळी बिल्डिंग पुस्तकं घेऊन गॅलरीत यायची. ओल्या पंचानं हवा घेणारे म्हातारे, प्रश्नसंच मोठ्यानं घोकणारी पोरं, आणि संध्याकाळकडे कंपन्यांच्या बाजूनं येणारा तो आंबूस वास, ज्याची आम्हाला इतकी सवय की पाहुणे नाक मुरडायचे तेव्हा आठवायचं. मी गॅलरीच्या टोकाला भिंतीकडे पाठ करून बसायचे. मांडीवर भूमितीचं गाईड उघडं, आणि गाईडच्या पोटात डबी. आवाज बंद. लाइट गेलेली असली तरी तिचा पडदा उजळलेला असायचा. एवढ्या गरम दुपारी तो निळा उजेड मला थंड लागायचा. आई लांबून बघायची आणि म्हणायची, पोरगी मान वर करत नाही.

पहिले काही दिवस मी नुसती हिंडले. मुग्धाचे जीव घेऊन मुग्धाच्या वाटांनी. तिच्या नावाच्या जागी तिनं आकार आवडले म्हणून निवडलेली तीन जपानी अक्षरं होती. खेळातली माणसं मला त्या तीन अक्षरांनी हाक मारायची. बीजगणिताचा पेपर झाला, बरा गेला नाही. भूमितीला मध्ये दोन दिवस होते. त्या दुपारी मला वाटलं, यातलं काहीच माझं नाही. एक तरी जीव आपण पहिल्यापासून, स्वतः निवडून घ्यावा. मी मशीन बंद करून चालू केलं आणि सुरुवातीच्या पानावर नवीन खेळाची ओळ निवडली. मला वाटलं, त्यात दुसरीही जागा असेल. एका वहीत दोघींचं मावतं तसं.

नव्या खेळात मी नाव घातलं, मला आवडलेल्या दोन अक्षरांचं. एका छोट्या खोलीतून बाहेर आले आणि पहिला जीव घेतला. शेपटीशी खेळणारा एक तांबूस पोरगा. इतका आनंद झाला की लगेच खोलीत परतून सेव्ह करायला गेले. तेव्हा एक चौकट आली, जी मी आधी कधी पाहिली नव्हती. मी हो म्हटलं.

त्या चौकटीबद्दल अजून थोडं सांगायचं आहे. पण ते मी आधी निलेशला सांगितलं, म्हणून इथेही त्याच क्रमानं सांगते.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मुग्धा आणि काकू डबी न्यायला आल्या. मुग्धानं दारातच उघडली. तिला दिसली ती एक छोटी खोली आणि एक अनोळखी नाव. तिनं बंद केली, परत चालू केली. तीच खोली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आरोप करत नव्हती, नुसतं विचारत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निल्यानं हात लावला वाटतं. मी आंघोळीला गेलेले तेव्हा."

ते मी ठरवलं नव्हतं. पण एकदा बोलल्यावर परतही घेतलं नाही, आणि परत घ्यायला मला भरपूर वेळ होता.

निलेश तिसरीत होता. गॅलरीत गोट्या मोजत बसलेला. बाबांनी त्याला दंडाला धरून उभा केला. तो म्हणाला, "मी नाही." बाबांनी विचारलं, "मग कोणी? भुतानं?" तो पुन्हा म्हणाला, "मी नाही केलं." तेव्हा बाबांनी त्याच्या कानाखाली मारली, सगळ्या मजल्यासमोर. मग तो म्हणाला, "चुकून झालं."

"चुकून म्हणजे केलंस ना."

"हो."

मुग्धा म्हणाली, "जाऊ दे ना काका, लहान आहे." काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही गं. तू नको मनाला लावून घेऊ." निलेश त्या दिवशी जेवला नाही. मी जेवले.

*

मी नापास झाले, गणितात. पुन्हा बसले नाही. बाबा कंपनीत तीन पाळ्यांत पिचत होते, कुणी फार आग्रह धरला नाही. काकूंनी धरला, पण वेगळा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "नापास झालीस तर झालीस. हात चांगला आहे तुझा. उद्यापासून खाली ये." वर्षभर त्यांनी मला शिकवलं. काज कसं, गळा कसा, ओव्हरलॉकला कापड किती सोडायचं. सुई बोटात गेली तेव्हा त्यांनीच फडकं बांधलं. आणि कल्याणच्या एका युनिटच्या मालकांकडे मला घेऊन गेल्या तेव्हा जे बोलल्या, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "प्रामाणिक पोरगी आहे. हिच्या हातात वस्तू द्या, तशीच्या तशी परत मिळेल."

पुढे त्या मालकांनी काम तिरुपूरला हलवलं आणि आम्हा सहाजणींना सोबत नेलं. बाकीच्या पाच परत गेल्या. मी राहिले. आज माझी स्वतःची खोली आहे, खिडकीत तुळस आहे, सुपरवायझर मला अक्का म्हणतात. हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. काकू मध्यंतरी गेल्या. मला कळलं तेव्हा मी युनिटच्या बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. त्यांच्यासाठी रडत होते की त्यांना आता कधीच कळणार नाही म्हणून सुटल्यासारखं वाटत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

यात निलेशचा विचार मी फार कमी केला. तो विसरला असेल असं धरून चालले. आठ वर्षांचं पोर, एक थप्पड, कोणाला नाही बसली? तो मोठा झाला, याच खेळाच्या नादी लागला, तेव्हा मला बरंच वाटलं. वाटलं, काही राहिलं नाही मनात. त्याच्या मनात मात्र एक अख्खी आठवण तयार झालेली होती, न घडलेल्या गोष्टीची.

*

दिवाळीत त्याचा फोन आला. "ताई, एक जुनी डबी मिळाली ठाण्याला. सेम निळी. आणि जपानी थर्ड जेनची कार्ट्रिज पण. ओरिजिनल."

"कशाला घेतलीस?"

"मुग्धाताईचा सेव्ह परत करायचाय. पहिल्यापासून. तिची टीम काय होती आठवतंय का तुला?"

मला सगळं आठवत होतं. मी सांगितलं. फडकं, पंखा, भूगोल. कोणाला कुठल्या गुहेत पकडलं, कोणाच्या गळ्यात काय बांधलेलं. मी सांगत गेले आणि तो लिहून घेत गेला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत तो खेळायचा आणि मला फोटो पाठवायचा. "भूगोल साठवर." "भूगोल सदुसष्ट." मी अंगठा पाठवायचे. त्या तीन महिन्यांत मी किती वेळा ते सांगू शकले असते. उलट एकदा त्यानं पंख्याला चुकीच्या क्रमानं वाढवलं, तर मीच त्याला ते पुन्हा करायला लावलं. म्हटलं, मुग्धाचा तसा नव्हता. माझी शिक्षा तो भोगत होता आणि मी तिथेही चेकर होऊन बसले होते.

मग यंदाचं भांडण सुरू झालं. निलेशनं यादी टाकली, तिसऱ्या पिढीसमोर रेघ. आणि खाली एक ओळ जास्तीची, "पुढच्या वर्षी बहुतेक नंबर देईन." मला वेगळा मेसेज आला. मुग्धाताई सापडली. ठाण्यातच असते, मुलगी आहे तिला सहा वर्षांची. रविवारी तलावपाळीला भेटतोय. माफी मागणार आहे, डबी देणार आहे.

तो शुक्रवार होता. मी डबा तसाच ठेवला आणि युनिटच्या गच्चीवर गेले. तिथे रंगवलेल्या कापडाचे तागे वाळत असतात, त्यांच्यामध्ये उभं राहिलं की कोणाला दिसत नाही. फोन लावला.

"बोल ताई. भूगोल चौऱ्याहत्तरला पोचला आज."

"निल्या, तो सेव्ह तू पुसला नव्हतास."

"काय?"

"मुग्धाचा. तू नाही. मी पुसला होता. नाव तुझं घेतलं."

तो हसला. "ताई, असं नको ना करू. मला आठवतंय सगळं."

"काय आठवतंय?"

"तू आंघोळीला गेलेलीस. डबी गादीखाली होती. मी काढली, चालू केली, जपानी काहीतरी आलं, मी ए बटण दाबत सुटलो. ए, ए, ए. माझ्या अंगठ्याला गूळ लागलेला, ते पण आठवतंय." मग त्याचा आवाज मऊ झाला. "मी तिकडे जाऊन रडेन म्हणून सांगतेस ना हे? मोठा झालोय गं मी आता."

मी कबूल करत होते आणि तो माझा गुन्हा सोडायला तयार नव्हता. आपलं काहीतरी कोणी हिसकावत असल्यासारखा धरून बसला होता.

"बरं, मला एक सांग," मी म्हटलं. "तू आता अख्खी तिसरी पिढी खेळलायस. आत कोणाचा तरी सेव्ह आहे आणि तू नवीन खेळ सेव्ह करायला गेलास, तर काय होतं?"

"विचारतं. आधीचं पुसू का म्हणून."

"तेव्हा तो काळा बाण कुठे असतो? वरच्या ओळीवर की खालच्या?"

तिकडे लॅबमधलं कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.

"खाली," तो म्हणाला. "नाहीवर."

"मग ए, ए, ए दाबलं तर?"

"काही होत नाही. बाहेर येतं."

"बाण मी वर नेला, निल्या. मला वाचता येत नव्हतं, हे खरंय. पण त्या अख्ख्या खेळात प्रत्येक चौकटीत बाण वर असायचा, ए दाबलं की पुढे. त्या एकाच ठिकाणी तो खाली होता. मशीन थांब म्हणत होतं. मला कळलं होतं ते. पूर्ण नसेल, पण कळलं होतं. मला माझा तो तांबूस पोरगा ठेवायचा होता."

कापडाचे तागे वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होते.

"मी शाळेत कोणाची वस्तू हातात घेत नव्हतो," तो म्हणाला. "माहितीये तुला? पेन पण नाही. पोरं हसायची. लॅबमध्ये अजून दुसऱ्याची ट्यूब असली ना, मी सांगतो, बाबा रे तूच दे, मी उचलत नाही."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असेल." मग म्हणाला, "मशीन मी देणारच आहे रविवारी. भूगोलला मी वाढवलाय, तो जाणार. पण सॉरी माझ्याकडून जाणार नाही. ते तू म्हण तिला. फोन करून, तुझ्या तोंडानं."

"म्हणते."

"आणि त्याच्या आधी बाबांना सांग."

"बाबांना?"

"मार त्यांनी दिलेला," निलेश म्हणाला. "पेशंट आलेत. ठेवतो."

*

लोकांना वाटतं कबूल केलं की हलकं होतं. माझं तसं झालं नाही. त्या दुपारी मी तीन टी-शर्ट चुकीचे सोडले. तिन्हींवर दुसऱ्या कोणीतरी बाण लावून ते माझ्याकडे परत आणले. इथल्या चौदा वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी ग्रुप उघडला, तर आठव्या पिढीवरून कोणीतरी कोणालातरी गाढव म्हटलेलं होतं. निलेशच्या यादीत रेघ तशीच होती आणि त्याखाली चोवीस जणांनी हसून ठेवलेलं.

शनिवारी त्याची लॅब लवकर सुटते. तो घरी असताना फोन करायचा, असं मी ठरवलं. तो नसताना केला असता तर ते पुन्हा त्याच्या पाठीमागे बोलण्यासारखं झालं असतं. चारच्या सुमाराला लावला. बाबांनी उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"बोल गं वैशू. जेवलीस का?"

"हो. निल्या आहे का घरात?"

"आतल्या खोलीत आहे. देऊ?"

"नको. तुमच्याशीच बोलायचंय."

मी सांगितलं. डबी, काकू, भूमितीचं गाईड, आंघोळ, सगळं. इतकी वर्षं जे एवढं मोठं वाटत होतं, ते सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मध्येच टीव्हीचा आवाज बंद झाला. माझं बोलून संपलं. मला वाटलं, लाइन गेली. नाहीतर त्यांना काही आठवतच नसेल, म्हातारी माणसं विसरतात. तेही चाललं असतं मला, खरं सांगते, क्षणभर मी तेच मागितलं.

"कानाखाली मारलेली ना मी?" बाबांनी विचारलं.

"हो."

"गॅलरीत."

"हो. सगळे होते."

"तो म्हणत होता, मी नाही म्हणून."

"दोनदा म्हणाला, बाबा."

त्यांनी मला काही म्हटलं नाही. रागावले असते तर मी ते ऐकून घेतलं असतं, त्याची तयारी केली होती. त्यांनी फोन बाजूला ठेवला. चादरीवर बहुतेक, कारण आवाज मऊ आला. मग त्यांनी हाक मारली, "निलेश." ते त्याला कधी निलेश म्हणत नाहीत.

आतल्या खोलीची कडी निघाली. चपला घासत आल्या आणि थांबल्या. बाबा काहीतरी बोलत होते, हळू, तुटक, मध्ये थांबून. शब्द काही कळत नव्हते.

मी फोन कानाला धरून उभी राहिले.